विद्यापीठाच्या शिवारातून शेतकऱ्याच्या बांधावर

अकोला/अमरावती : ऑक्टोबर उजाडला की अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर वर्दळ वाढू लागते. कपाशीची बोंडे फुटू लागलेली असतात, सोयाबीनची काढणी आटोपत आलेली असते, तूर फुलोऱ्याच्या तयारीत असते आणि हरभऱ्याच्या पेरणीची जुळवाजुळव सुरू झालेली असते. नेमक्या याच दिवसांत, २० ऑक्टोबर या स्थापना दिनाच्या आसपास, विद्यापीठात 'शिवार फेरी' भरते. विदर्भाच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेले शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून संशोधनाची शेते पाहतात, बांधावर उतरतात, शेंगा मोजतात, बोंड हातात घेऊन बघतात आणि शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. प्रश्न बहुधा तीनच असतात. हा वाण आमच्या हलक्या जमिनीत चालेल काय? बियाणे कुठे मिळेल? आणि एकरी खर्च वजा जाता हाती काय उरेल?

विद्यापीठ म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे परीक्षा, निकाल आणि पदवीदान समारंभ उभे राहतात. निकाल लांबला की विद्यापीठ बातम्यांत येते आणि एरवी विस्मरणात जाते. प्रत्यक्षात वऱ्हाडातील दोन विद्यापीठांत, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आणि अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात, संशोधनाचे विषय चकित करणारे आहेत. कपाशीच्या बोंडापासून लोणारच्या खाऱ्या पाण्यातील सूक्ष्मजीवांपर्यंत आणि डाळ भरडणाऱ्या यंत्रापासून महानुभावांच्या गद्यापर्यंत ते पसरलेले आहेत. या वैविध्याला एक समान सूत्र आहे. यातील बहुतेक विषय या भूमीच्याच अडचणींतून किंवा या भूमीच्याच ठेव्यातून आलेले आहेत. त्यामुळे संशोधनाचे यश केवळ प्रबंधांच्या संख्येत मोजता येत नाही. ते बांधावर पोहोचले काय, हाच खरा निकष ठरतो.

आंदोलनातून जन्म

अकोल्याचे कृषी विद्यापीठ सहजासहजी मिळालेले नाही. राज्यात कृषी विद्यापीठ स्थापन करण्याचा निर्णय झाला तेव्हा ते विदर्भात व्हावे, अशी जोरदार मागणी पुढे आली. १९६७ साली अकोल्यात त्यासाठी मोठे आंदोलन झाले आणि त्यात काहींना प्राण गमवावे लागले. पुढे १९६८ मध्ये राहुरीचे विद्यापीठ अस्तित्वात आले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात विदर्भासाठी स्वतंत्र कृषी विद्यापीठ सुरू झाले. परभणी आणि दापोलीची विद्यापीठे त्यानंतर, १९७२ मध्ये आली.

विद्यापीठाला ज्यांचे नाव देण्यात आले ते डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातील पापळचे. १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रात कृषिमंत्री होते. त्यांनी उभ्या केलेल्या भारत कृषक समाजाच्या पुढाकाराने १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. शेतकऱ्याने नवे तंत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे, हा त्यामागील विचार होता. त्यांच्या २७ डिसेंबर या जयंतीच्या निमित्ताने अकोल्यात भरणारे कृषी प्रदर्शन हा त्याच विचाराचा वारसा आहे.

प्रारंभी हे 'पंजाबराव कृषी विद्यापीठ' होते. म्हणून जुन्या वाणांच्या आणि यंत्रांच्या नावाआधी 'पीकेव्ही' लागते, तर अलीकडच्या वाणांना 'पीडीकेव्ही' हे उपपद असते. शेतकरी मात्र दोन्ही पिढ्यांना सरसकट 'विद्यापीठाचं बियाणं' याच नावाने ओळखतो.

एका वाणामागची दहा-बारा वर्षे

शिवार फेरीत जो वाण शेतकरी काही मिनिटांत पाहून पुढे जातो, त्यामागे दहा-बारा वर्षांचे काम असते. सोयाबीनचेच उदाहरण घेता येईल. १९९० च्या दशकापासून वऱ्हाडातील ज्वारीचे क्षेत्र आटत गेले आणि सोयाबीन पसरत गेले. बराच काळ या पिकावर जबलपूरच्या कृषी विद्यापीठाच्या 'जेएस ३३५' या एकाच वाणाचे राज्य होते. एकाच वाणावर सारा प्रदेश विसंबला की एखादी कीड किंवा रोग सर्वांना एकाच वेळी झोपवू शकतो. कृषी विद्यापीठाच्या अमरावती येथील प्रादेशिक संशोधन केंद्राने याच प्रश्नावर काम केले. 'एएमएस १००१' म्हणजे 'पीडीकेव्ही यलो गोल्ड', 'सुवर्ण सोया' आणि 'पीडीकेव्ही अंबा' हे वाण या केंद्राची देणगी आहे. 'एएमएस' या अक्षरांतील 'एएम' म्हणजे अमरावती. २०२३ च्या खरिपात पिवळा मोझॅक आणि मूळकुज-खोडकुजीने विदर्भातील सोयाबीनला मोठा तडाखा दिला, तेव्हा रोगाला तोंड देणाऱ्या वाणांची गरज किती निकडीची आहे, हे सर्वांनाच उमगले.

सोयाबीनचे फूल आकाराने अगदी लहान असते आणि त्याचे परागीकरण फुलाच्या आतच होते. दोन वाणांचा संकर करायचा तर उमलण्यापूर्वीची कळी चिमट्याने हळुवार उघडून दुसऱ्या वाणाचे पराग त्यात सोडावे लागतात. अशा शेकडो कळ्यांपैकी थोड्याच यशस्वी होतात. त्या दाण्यांपासून आलेल्या पिढ्या वर्षामागून वर्षे पेरून त्यांतून चांगली झाडे निवडली जातात. पाच-सहा पिढ्यांनंतर गुणधर्म स्थिर झाले की त्या ओळी आधी केंद्रावर, मग निरनिराळ्या जमिनींत आणि नंतर अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या माध्यमातून इतर राज्यांतही तपासल्या जातात.

यानंतरची परीक्षा असते ती संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीची, म्हणजे शास्त्रज्ञांच्या बोलीतील 'जॉइंट ॲग्रेस्को'ची. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ वर्षातून एकदा एकत्र येतात. नवा वाण, नवे यंत्र किंवा लागवडीची नवी शिफारस या सर्वांपुढे मांडावी लागते. इतर विद्यापीठांचे शास्त्रज्ञ आकडेवारीची चिरफाड करतात. पुरावा अपुरा वाटला तर आणखी एक-दोन हंगामांचे प्रयोग करून या, असे सांगून प्रस्ताव परतही जातो. ही बैठक सर्वसामान्यांच्या नजरेत येत नाही. मात्र शेतकऱ्याच्या हाती काय पडणार, हे ठरविण्यात तिचा वाटा मोठा असतो.

मान्यता मिळाली म्हणजे वाण शेतकऱ्याला मिळाला असे नव्हे. पैदासकाराच्या देखरेखीखाली तयार झालेले मूठभर शुद्ध बियाणे म्हणजे मूलभूत बियाणे. त्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित बियाणे तयार होते. या तीन पायऱ्यांच्या पिशव्यांना अनुक्रमे सोनेरी-पिवळी, पांढरी आणि निळी खूणचिठ्ठी असते. प्रत्येक पायरीला एक हंगाम जातो. बीजोत्पादनाची मोठी जबाबदारी १९७६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळावर, म्हणजे 'महाबीज'वर आहे आणि योगायोगाने त्याचेही मुख्यालय अकोल्यातच आहे. विद्यापीठातील वाणाची ख्याती जितक्या वेगाने पसरते, तितक्या वेगाने बियाणे वाढत नाही. खरिपापूर्वी विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रापुढे रांगा लागतात आणि अनेकांना पिशवीविना परतावे लागते, त्याचे कारण यात आहे.

सोयाबीनच्या बाबतीत एक दिलासा आहे. हे पीक स्वपरागीकरणाचे असल्याने चांगल्या वाणाचे बियाणे शेतकऱ्याला घरच्या घरी दोन-तीन वर्षे राखता येते. त्यासाठी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण तपासण्याची साधी पद्धत विद्यापीठ आणि कृषी विभाग दरवर्षी सांगत असतात. शंभरातील सत्तर दाणे उगवले तर बियाणे पेरणीयोग्य समजावे. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण नाजूक असते. मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला किंवा पोती उंचावरून आदळली तर उगवण घटते. या छोट्या माहितीवर कित्येकांच्या दुबार पेरणीचा खर्च वाचतो.

कपाशीची उलटलेली बाजी

कपाशी हा वऱ्हाडाचा प्राण. भारतातील पहिला व्यापारी संकरित कापूस १९७० मध्ये सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी दिला. त्यानंतरच्या काळात अकोल्याच्या कापूस संशोधन विभागाने 'पीकेव्ही हायब्रीड-२' हा संकरित वाण आणला. १९८० च्या दशकात आणि त्यानंतरही तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या विश्वासाचा होता. जोडीला 'पीकेव्ही रजत', 'एकेएच ०८१' हे अमेरिकन कपाशीचे सरळ वाण आणि 'एकेए' मालिकेतील देशी कपाशीचे वाण होते. सरळ वाणाचे बियाणे शेतकऱ्याला पुढच्या वर्षासाठी राखता येते, तर संकरित बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते. हा भेद किरकोळ वाटला तरी कोरडवाहू शेतकऱ्याच्या हिशेबात तो कळीचा आहे.

मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने बीटी कपाशीच्या व्यापारी लागवडीस परवानगी दिली आणि चित्र पालटले. बोंडअळीला मारक असलेले जनुक खासगी कंपन्यांनी संकरित वाणांत आणले. अळीवरील फवारणीचा खर्च घटला, उत्पादन वाढले आणि अवघ्या काही वर्षांत राज्यातील बहुतेक कपाशी बीटी झाली. विद्यापीठांजवळ त्या वेळी हे जनुक असलेले स्वतःचे वाण नव्हते. परिणामी अनेक वर्षांच्या मेहनतीने उभे राहिलेले सार्वजनिक क्षेत्रातील वाण बाजारातून जवळजवळ अदृश्य झाले. त्यांच्यासोबत, कपाशीचे बियाणे घरी राखण्याची मुभाही गेली.

बीटीचा लाभही निर्वेध राहिला नाही. गुलाबी बोंडअळीने या जनुकाला दाद देणे हळूहळू थांबविले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने हाहाकार उडविला. तेव्हापासून कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांचे काम पुन्हा जुन्या पद्धतींकडे वळले आहे. कपाशीची फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर शेत मोकळे करा, डोमकळ्या वेचून नष्ट करा, कामगंध सापळे लावा, हा संदेश गावोगाव दिला जातो. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग अडकले की नियंत्रणाची वेळ आली, असे समजायचे. या उपायांना पैसा कमी लागतो, परंतु ते एका शेतकऱ्याने करून भागत नाही. साऱ्या गावाने एकाच वेळी करावे लागतात आणि खरी कसोटी तिथेच आहे.

दरम्यान, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने अकोल्याच्याच 'रजत' आणि 'पीकेव्ही ०८१' या सरळ वाणांत बीटी जनुक उतरविले. बुटक्या, लवकर येणाऱ्या झाडांची दाट लागवड करून पावसाचा ताण पडण्यापूर्वी पीक हाती घेण्याचे सघन लागवडीचे तंत्र त्यांना मानवते. वीस वर्षांपूर्वी बाजूला पडलेले वाण अशा रीतीने पुन्हा चर्चेत आले आहेत.

खाऱ्या पाण्याखालची जमीन

अमरावतीहून दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडे जाताना दोन्ही बाजूंना दिसणारी काळीभोर जमीन अनोळखी माणसाला सुपीकतेचा नमुना वाटेल. प्रत्यक्षात हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतील जवळपास नऊशे गावे आणि सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात येते. येथे विहीर खणली तर खारे पाणी लागते. ते पिण्यास अयोग्य आणि पिकासही अपायकारक असते. किडनीच्या विकारांची तक्रार या गावांतून वर्षानुवर्षे होत आली आहे.

कृषी विद्यापीठाच्या मृदाशास्त्रज्ञांनी या पट्ट्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. येथील माती अतिशय चिकण आहे. तिच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. पाऊस पडला की सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवितात. मग पाणी आत मुरत नाही, वर साचून राहते आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी कठीण होते. अशा जमिनीला खारे पाणी देणे म्हणजे रोग वाढविणेच होय. जिप्सम घातले की त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जातो. मात्र त्यासाठी पाण्याला बाहेर पडण्याची वाट हवी. म्हणून जिप्समसोबत शेतात चर काढणे, धैंचा किंवा बोरू यांसारखे हिरवळीचे पीक घेऊन ते जमिनीत गाडणे आणि शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी साठवून ऐन ताणाच्या वेळी एक-दोन पाणी देणे, अशी एकत्रित शिफारस केली जाते. खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी निरुपयोगी असल्याने शेततळे ही चैन नसून गरज आहे.

जमिनीच्या संशोधनाला घाई चालत नाही, याचे आणखी एक उदाहरण अकोल्यातच आहे. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर १९८८ पासून ज्वारी-गहू या पीकपद्धतीवर दीर्घकालीन खत प्रयोग सुरू आहे. त्याच वाफ्यांत, तीच खते, वर्षामागून वर्षे दिली जातात आणि जमिनीत काय बदल होतो ते मोजले जाते. केवळ रासायनिक नत्रावर भर दिला तर जमीन खंगत जाते आणि शिफारशीच्या खतांसोबत शेणखत दिले तर उत्पादन टिकून राहते, हे अशा प्रयोगांनी दाखविले आहे. शेतकऱ्याच्या आजोबांना हे ठाऊक होतेच, असे कोणी म्हणेल. परंतु किती शेणखत, किती खत आणि किती वर्षांनी फरक पडतो, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

अणुशक्ती केंद्र ते डाळ मिल

भुईमुगाचा 'टीएजी-२४' हा वाण अनेक राज्यांतील शेतकऱ्यांना परिचित आहे. या अक्षरांचा अर्थ 'ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट' असा आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्साराने बियाण्यात बदल घडवून नव्या जाती शोधल्या आणि अकोल्याच्या विद्यापीठाने त्या शेतात पारखल्या. १९९१ मध्ये आलेला हा बुटका, लवकर येणारा वाण उन्हाळी भुईमुगासाठी वरदान ठरला. त्यापूर्वी, १९८५ मध्ये याच सहकार्यातून 'टीएयू-१' हा उडदाचा वाण आला होता. अणुशक्ती म्हटले की वीज आणि अस्त्रे आठवतात. ताटातल्या उडदाच्या डाळीशीही तिचा संबंध असू शकतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. हरभऱ्यातील 'जाकी ९२१८' हा वाणही हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्यातून पुढे आला.

कृषी अभियांत्रिकी विभागाच्या 'पीकेव्ही मिनी डाळ मिल'ची कथा अधिक घरगुती आहे. तूर पिकविणारा शेतकरी तूर कच्च्या भावाने विकतो आणि डाळ मात्र दुकानातून पक्क्या भावाने घेतो. ही विसंगती दूर करण्यासाठी गावपातळीवर चालेल असे, थोड्या जागेत मावणारे आणि छोट्या मोटरवर फिरणारे यंत्र विद्यापीठाने तयार केले. तूर, मूग, उडीद, हरभरा या साऱ्यांची डाळ त्यावर होते. महिला बचत गटांनी आणि ग्रामीण तरुणांनी ही यंत्रे घेऊन उद्योग उभे केले. सीताफळाचा गर काढण्याचे यंत्रही याच विद्यापीठाचे. विद्यापीठाच्या परिसरात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, तेथे औषधी वनस्पतींचे जतन केले जाते.

शेतकऱ्याकडून विद्यापीठाकडे

ज्ञान नेहमी विद्यापीठातून गावाकडेच जाते, हा समज बरोबर नाही. अकोल्याच्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पूर्व विदर्भातील भातपट्ट्यापर्यंत आहे. त्या भागातील चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी, दादाजी खोब्रागडे नावाच्या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८० च्या दशकात आपल्या धानाच्या बांधीतील वेगळ्या लोंब्या हेरल्या. त्या निगुतीने वाढवून त्यांनी एक बारीक तांदळाचा वाण तयार केला. बाजारात तो 'एचएमटी' या घड्याळाच्या नावाने गाजला. विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेऊन त्याचे शुद्धीकरण केले आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' हा वाण प्रसारित केला. मूळ संशोधकाला श्रेय आणि मोबदला मिळाला नाही, यावरून मोठा वाद झाला. पुढे शेतकऱ्यांच्या हक्कांना मान्यता देणाऱ्या २००१ च्या कायद्यान्वये वाणाची नोंद खोब्रागडे यांच्या नावे झाली. खोब्रागडे २०१८ मध्ये निवर्तले. त्यांच्या आयुष्याची अखेर हलाखीतच गेली.

या घटनेचा धडा दोन्ही बाजूंना आहे. शेतकरी हा केवळ लाभार्थी नाही, तोही निरीक्षक आणि संशोधक असतो. त्याच्या बांधावरून बियाणे नेताना त्याचे नावही सोबत न्यावे लागते.

अमरावतीची वेगळी वाट

अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठाचे विभाजन होऊन झाली. २००५ मध्ये त्याला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. गाडगेबाबा याच जिल्ह्यातील शेंडगावचे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. शहराच्या कडेला, पोहरा-मालखेडच्या जंगलाला लागून असलेल्या या परिसरात बिबट्याचे दर्शन घडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, यावरून त्याचे निसर्गाशी असलेले सख्य लक्षात यावे.

या पाच जिल्ह्यांनी संशोधकांना जणू मोकळ्या प्रयोगशाळाच दिल्या आहेत. बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेल्या विवरात आहे. त्याचे पाणी इतके अल्कधर्मी आहे की साधे जीव त्यात तगत नाहीत. जे सूक्ष्मजीव तगतात त्यांची विकरे कपडे धुण्याच्या पावडरीपासून कातडी कमावण्यापर्यंत उपयोगी पडू शकतात. म्हणून सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी लोणारकडे वळतात. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तेथे वेधले गेले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या वाढीमुळे तो रंग आल्याचे तपासणीत आढळले.

उत्तरेला मेळघाट आहे. १९७४ मध्ये येथे व्याघ्र प्रकल्प झाला. एक शतकाहून अधिक काळ नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळला. त्यानंतर मेळघाट हे त्याचे महत्त्वाचे आश्रयस्थान असल्याचे दिसून आले. याच डोंगरांत कोरकू लोक राहतात. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नसून मुंडा भाषासमूहातील आहे. कुपोषण, स्थलांतर, पारंपरिक वनौषधी आणि मातृभाषेतून शिक्षण हे येथील अभ्यासाचे विषय केवळ पदवीसाठी निवडलेले नसतात. त्यांच्या निष्कर्षांशी माणसांचे जगणे जोडलेले असते.

भाषेच्या संशोधनालाही येथे मोठी परंपरा आहे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे क्षेत्र. मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' येथेच सिद्ध झाले. २०२४ मध्ये याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्राने घेतला. त्यामुळे वऱ्हाडी बोली, महानुभावांच्या सांकेतिक लिप्या आणि पोथ्या यांच्या अभ्यासाला नवे बळ मिळण्याची अपेक्षा आहे.

विद्यार्थ्यांना संशोधनाकडे वळविण्यासाठी 'आविष्कार' हा आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सव राज्यपालांच्या पुढाकाराने २००६ पासून भरतो. भाषा, वाणिज्य, मूलभूत विज्ञान, शेती, अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा साऱ्या शाखांचे विद्यार्थी आधी आपापल्या विद्यापीठात आणि मग राज्य पातळीवर आपले प्रकल्प मांडतात. 'इंद्रधनुष्य' हा युवक महोत्सव आणि 'अश्वमेध' या क्रीडा स्पर्धांइतकी गर्दी 'आविष्कार'ला होत नाही. मात्र खेड्यातून आलेल्या मुलाला आपल्या गावच्या विहिरीचे पाणी हाही संशोधनाचा विषय होऊ शकतो, ही जाणीव प्रथम येथे होते.

अडते कुठे?

इतके वैविध्य असताना गाव आणि विद्यापीठ यांतील अंतर का राहते? पहिले कारण मनुष्यबळाचे आहे. राज्यातील कृषी विद्यापीठांत शास्त्रज्ञांची आणि कर्मचाऱ्यांची अनेक पदे दीर्घकाळ रिक्त राहत आली आहेत. एका पैदासकाराचे काम दहा-बारा वर्षे सलग चालावे लागते. तो निवृत्त झाला आणि जागा भरली नाही तर निवडीची साखळी तुटते आणि आधीची वर्षे वाया जातात. दुसरे कारण बियाण्याच्या संख्यावाढीचे. उत्तम वाण कागदावर असून भागत नाही, तो पेरणीपूर्वी तालुक्याच्या दुकानात असावा लागतो. तिसरे कारण विस्ताराचे. कृषी विज्ञान केंद्रे, 'कृषी संवादिनी' ही वार्षिक दैनंदिनी, मेळावे आणि प्रदर्शने यांतून विद्यापीठ बोलत असते. परंतु ऐन हंगामात शेतकऱ्याला सल्ला मिळतो तो बहुधा कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर, आणि तेथे माल खपविण्याची घाई असते.

सरासरी आठशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी, सिंचन तुटपुंजे आणि हमीभावाची शाश्वती नाही, अशा स्थितीत वऱ्हाडातील शेतकरी प्रत्येक हंगामात जुगार खेळतो. आत्महत्यांच्या बातम्यांनी हा प्रदेश देशभर ओळखला जाऊ लागला, ही त्या जुगाराचीच किंमत आहे. एखादा वाण, एखादे शेततळे किंवा एखादी डाळ मिल हे या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर नव्हे. कर्ज, बाजार आणि आयात-निर्यात धोरण यांवर विद्यापीठाचा ताबा नाही. मात्र खर्च कमी करणे, जोखीम कमी करणे आणि शेतमालाची किंमत गावातच वाढविणे, एवढे संशोधनाच्या आवाक्यात आहे.

शिवार फेरीतील तीन प्रश्नांकडे म्हणूनच पुन्हा वळावे लागते. वाण हलक्या जमिनीत चालेल काय, याचे उत्तर शास्त्रज्ञ देऊ शकतो आणि बहुधा नेमके देतोही. बियाणे कुठे मिळेल, याचे उत्तर विद्यापीठ, महाबीज आणि शासन यांनी मिळून द्यायचे आहे. हाती काय उरेल, याचे उत्तर मात्र संशोधकापासून धोरणकर्त्यापर्यंत साऱ्यांचे आहे. १९६७ मध्ये ज्यांनी विद्यापीठासाठी रस्त्यावर येऊन प्राण गमावले, त्यांनी इमारती मागितल्या नव्हत्या, शेतीला शास्त्राची जोड मागितली होती. फेरी आटोपून ट्रॉलीतून उतरणारा शेतकरी घरी जाताना माहितीपत्रकासोबत बियाण्याची पिशवीही नेऊ शकला, तर त्या मागणीची पूर्तता झाली असे म्हणता येईल.